हेमाताईचं ‘कशावरून’

हेमाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरला आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून एक युद्ध थांबवत होतो. जवळजवळ थांबवलंच होतं. कुणी किती मागे सरकायचं, कुणी कुणाला काय द्यायचं, हे सगळं मी मिसळीच्या दुसऱ्या पावापर्यंत ठरवून दिलं होतं. आता संबंधित देशांनी ते ऐकायचं तेवढं बाकी होतं. फोन नवापूरहून होता, सुनंदावहिनीचा. "विजूभाऊजी, ताई उठत नाय," एवढंच ती म्हणाली. म्हणजे काय, असं मी विचारलं आणि पलीकडून उत्तराऐवजी नुसता वारा ऐकू येत राहिला... समोरचे सहकारी अजून माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते.

हेमाताई माझी मावसबहीण. बोईसरच्या एका शाळेत तिने आयुष्यभर इतिहास शिकवला. मीही तिच्या वर्गात होतो, पण ही गोष्ट ती चारचौघांत सांगत नसे. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही याबद्दल आमच्या घराण्यात माणसं तितकी मतं आहेत आणि एकाही मताला आधार नाही, असं तिचंच म्हणणं होतं. नवापूरला समुद्राकडे तोंड करून असलेल्या घरात पुढच्या खोलीत ती राहायची आणि मागच्या बाजूला तिचा धाकटा भाऊ जयवंता आणि त्याची बायको सुनंदा. ताई गेली त्या दिवशी मात्र घरात ती आणि सुनंदा या दोघीच होत्या, कारण जयवंता पाकिस्तानच्या तुरुंगात होता. आमच्या किनाऱ्यावरचे पुष्कळ पुरुष पावसाळा सरला की गुजरातेतल्या मोठ्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. जयवंताही दर वर्षी जायचा. एका वर्षी त्याची बोट समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्या गस्तीने ओढून नेली. ती खरोखर ओलांडली होती का, या एका प्रश्नावर आमचं घर, आमची आळी आणि माझं कँटीन पुढची काही वर्षं जगलं.

दहाव्याचे विधी किनाऱ्यावर आटोपून लोक ओटीवर येऊन बसले, तेव्हा भालूकाका बोलले. भालूकाका म्हणजे आमच्या आळीचे परराष्ट्रमंत्री. नेमणुकीचा कागद तेवढा आला नाही. ते म्हणाले, हेमा भावाच्या काळजीनं गेली, दुसरं काय नाय. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली, आणि मान हलत असतानाच तिचा आवाज अगदी कानाशी आल्यासारखा वाटला... कशावरून? ज्यांचे भाऊ घरी बसून जेवतायत त्या बायका मरत नाहीत का रे विज्या? तिला साखर होती, छातीचं दुखणं जुनं होतं, गोळ्या चुकवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी भालूकाकांचं कारणच मनाला बरं वाटत होतं, कारण ते एकटं होतं आणि त्यात गोष्ट होती. अशा कारणांवर ताईचा फार राग. एकच कारण सांगणाऱ्या माणसाला ती आधी पाणी द्यायची आणि मग विचारायची, बाकीची कुठे ठेवून आलास?

तिच्या वर्गात युद्धं शिकणं म्हणजे वेगळाच प्रकार होता. पुस्तकात युद्धाची कारणं ओळीने दिलेली असत. ती म्हणायची, ही परीक्षेत लिहा, मार्क घ्या, आणि आता पुस्तक मिटा. एकदा मैदानावर आमच्या वर्गातल्या दोन टोळ्यांची मारामारी झाली. मी दोन्हीकडून मार खाल्ला होता, कारण मी मध्यस्थी करत होतो. हा माझा स्वभाव तेव्हापासूनचा. दुसऱ्या दिवशी ताईने प्रत्येकाला काय घडलं ते लिहायला लावलं आणि सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मग म्हणाली, "बघा. प्रत्येकाची गोष्ट दुसऱ्याच्या हातापासून सुरू झालीय. स्वतःचा हात कुणाच्याच गोष्टीत पहिला उठलेला नाही." त्यानंतर ती एकेकाला एक पाऊल मागे न्यायला लागली. त्याच्या आधी काय झालं? आणि त्याच्या आधी? प्रकरण मैदानावरून चिंचांवर गेलं, चिंचांवरून कुणाच्या तरी चोरलेल्या चपलांवर, तिथून कुणाच्या आजोबांच्या होडीच्या नांगरावर, आणि तास संपला. मी कुरकुरलो, की मग सुरू कुणी केलं ते कळलंच नाही. ती म्हणाली, "कळलं नाही हे कळलं ना? बस खाली."

मी बसलो, पण कळलं नव्हतं. पुढे कारखान्यात लागलो, पोट सुटलं, जगाबद्दलची मतं पक्की झाली. रविवारी दुपारी नवापूरला जायचं, बोईसरच्या बाजारातली भाजी न्यायची, येताना सुके बोंबील आणायचे, आणि मधल्या वेळात ताईला परराष्ट्र धोरण समजावून सांगायचं, असा माझा नेम होता. ती निवृत्त झाली होती. अंगणात बांबूवर बोंबील वाळत असायचे, ती कावळ्यांवर एक डोळा ठेवून माझं ऐकायची. एका रविवारी मी सांगितलं, की पलीकडच्यांनी बोटी पकडल्या त्या आपल्याला घाबरून पकडल्या, हे आतल्या गोटातून कळलंय. गोट कुठला, तिने विचारलं. मी म्हटलं, आमच्या डिस्पॅचमधल्या माणसाचा साडू दिल्लीला असतो. काय करतो? मी जरा अडखळून म्हटलं, एका सरकारी इमारतीत चहा पुरवतो... पण आत जातो! त्यावर तिने त्याचा चहाचा धंदा चांगला चालतो का, याची चौकशी केली. थोड्या महिन्यांनी काही बोटी सुटल्या. मी परत गेलो आणि सांगितलं, की बघ, घाबरून सोडल्या. तिने बोंबील उलटायचे थांबवले. "विज्या, घाबरले म्हणून पकडल्या, घाबरले म्हणून सोडल्या. मग घाबरले नसते तर काय केलं असतं?" मी पुष्कळ विचार केला. कावळ्याने तेवढ्यात एक बोंबील नेला. ती म्हणाली, जे कारण दोन्ही वेळा चालतं ते कारण नसतं, ती तुझी आवड असते. त्या दिवशी मी परत येताना बोंबील न्यायला विसरलो, यावरून मला किती लागलं होतं ते घरच्यांना कळलं.

हे सगळं तोवर आमचं रविवारचं खेळणं होतं. मग जयवंताची बोट गेली.

फोन बोटमालकाच्या माणसाचा होता. बोट पकडली, माणसं जिवंत आहेत, पुढचं कळवतो. मी पोचलो तेव्हा ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि जेवढी माणसं तेवढी कारणं होती. कुणी म्हणे आपण त्यांच्या बोटी पकडल्या त्याचा बदला, कुणी म्हणे निवडणुका आल्यात, कुणी म्हणे खाडीच्या हद्दीची बोलणी फिसकटली. भालूकाका म्हणत होते की ही लढाईची सुरुवात हाय, आता कोणच परत येणार नाय. आणि सुनंदावहिनी दाराच्या चौकटीला टेकून प्रत्येकाकडे पाळीपाळीने बघत होती. एकाच्या बोलण्याने तिचा चेहरा उजळायचा, दुसऱ्याच्या बोलण्याने विझायचा. ताईने ते पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, की हे लोक वाईट नाहीत रे, पण हे बोलतायत ते सगळं तिच्या अंगावर पडतंय. त्या दिवसापासून त्या घरात ‘कशावरून’ हा प्रश्न गमतीचा राहिला नाही.

पुढे एका संध्याकाळी भालूकाका मोबाइल नाचवत आले. त्यावर एक चित्रफीत होती. एका बोटीवर माणसं हात डोक्यामागे घेऊन ओळीने बसलेली, एक जण दरडावतोय, आवाज वाऱ्याने फाटलेला. खाली लिहिलेलं, की आपल्याच पाण्यात शिरून आपल्या माणसांना कसं धरलं ते बघा. काकांनी शेवटून दुसऱ्या माणसावर बोट ठेवलं. पाठमोरा, निळा सदरा, डावा खांदा किंचित खाली. "जयवंता हाय ह्यो." वहिनीने मोबाइल दोन्ही हातांनी धरला आणि तोच खांदा म्हणून ती रडायला लागली. सगळी आळी जमली. मलाही खांदा ओळखीचा वाटला. मी तर सदऱ्याचं शिलाईचं दुकानही ओळखलं. दुसऱ्या दिवशी कोळगावला कलेक्टर कचेरीवर मोर्चा न्यायचा, हा पुरावा त्यांच्यापुढे धरायचा, असं ठरत आलं. आमच्याकडची माणसं धुक्यात नुसत्या डोलकाठीवरून होडी कुणाची ते सांगतात, पण त्या संध्याकाळी सगळ्यांचे डोळे एका खांद्यावर खिळले होते.

ताईने चित्रफीत पहिल्यापासून लावायला सांगितली. बघून झाल्यावर पुन्हा. मग वहिनीजवळ खाली बसली आणि तिच्या भाषेत म्हणाली, "सुनंदा, माणसं बघू नको. जाळं बघ."

माणसांच्या मागे जाळ्याचा ढीग पडला होता. वहिनीचा जन्म जाळ्यांत गेलेला. तिने डोळे पुसले आणि मोबाइल जवळ नेला. जयवंता जायचा ती बोट मोठं जाळं मागे ओढत नेणारी. आणि ढीग होता तो डोल नावाच्या जाळ्याचा. डोल समुद्रात रोवलेल्या खुंट्यांना बांधून भरती-ओहोटीच्या ओढीवर सोडतात, लांब पिशवीसारखी. "डोल हाय ही," वहिनी म्हणाली. अगदी हळू. भालूकाकांनी विचारलं, मग ही कुठली बोट? ताई म्हणाली, "मला नाही माहीत. आपली नाही एवढं माहीत आहे." वहिनीने मोबाइल काकांना परत दिला, ताईकडे न बघता आत गेली आणि कडी लावून घेतली. नवऱ्याचा तेवढा एक खांदा तिला दिसला होता, तोही नणंदेने काढून घेतला. पुढे किती तरी दिवस ती ताईशी बोलली नाही. ताईचं ताट झाकून ठेवायची, पण बोलायची नाही.

मोर्चा गेला, चित्रफितीशिवाय. अर्जाचा मजकूर ताईने लिहायचा होता, आणि तिथे खरी लढाई झाली. भालूकाकांना पहिल्याच ओळीत ‘भारताच्या हद्दीतून पळवून नेलं’ असं हवं होतं. ताई ते लिहायला तयार नव्हती. बोट कुठे होती हे इथल्या एकानेही पाहिलेलं नाही, आपल्याला माणसांची नावं ठाऊक आहेत, घरं ठाऊक आहेत, ती परत आणा एवढं मागायला ते पुरे आहे, असं तिचं म्हणणं. उद्या बोटीची जागा नोंदवणाऱ्या यंत्रात दुसरंच निघालं तर आपल्या नावांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. काका भडकले. म्हणाले, "हेमे, तू कोणाच्या बाजूची हायेस ते सांग एकदा."

"जयवंताच्या," ताई म्हणाली. "तो आला की त्यालाच विचारीन मी. तोपर्यंत लिहिणार नाय."

तिचंच लिहिलेलं गेलं, कारण तिच्याइतकं अक्षर कुणाचं चांगलं नव्हतं. पण आळीत तिला दगड म्हणायला लागले ते तेव्हापासून. तिच्या कानावर ते येत होतं. एका रविवारी मी तिला म्हटलं, की अगं, चार गोड शब्द बोललीस तर काय बिघडेल, खोटे का असेनात. ती म्हणाली, मी एकदा खोटं बोलले तर सुनंदाला विचारायला कुणी उरणार नाही रे...

तिचं म्हणणं मला कळलं ते पुढच्या वर्षी. सुटकेची हूल उठली. सुटणाऱ्यांत नवापूरचे लोक आहेत, टीव्हीवर सांगितलं, अशी बातमी. आळीत पेढे आले. मी स्वतः बोईसरहून अर्धा किलो घेऊन गेलो, कारण पेढ्याच्या बाबतीत मी पुराव्यासाठी थांबत नाही. वहिनी सगळ्यांचे पेढे हातात घेत होती, पण खात नव्हती. गर्दी पांगल्यावर ती पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताईशी बोलली. "ताई, खरं हाय?" ताईने कुठे कुठे फोन केले होते ते मला माहीत होतं. ती म्हणाली, "अजून नाय, सुनंदा." वहिनीने मान हलवली, पेढे फळीवर ठेवले आणि चूल पेटवायला गेली. नंतर ती मला म्हणाली, की त्या रात्री तिला चांगली झोप लागली. आशेने झोप लागत नाही भाऊजी. त्यानंतर आळीत कुणीही काहीही सांगो, वहिनी ऐकून घ्यायची आणि पुढच्या दारात यायची. ताई ‘नाय’ म्हणायची. दोघी मग एकत्र चहा प्यायच्या. एवढ्या ‘नाय’नंतरही त्या चहाला चव होती, हे मी त्या चहातला वाटेकरी म्हणून सांगतो.

आणि मग ताई गेली. जयवंताला कळवायची सोय नव्हती.

दहावा होऊन थोडे दिवस झाले असतील. भालूकाका धापा टाकत आले, की सोडले, पंजाबच्या सरहद्दीवरून आत आणले, आपला जयवंता त्यात हाय. वहिनी उठली आणि सवयीने पुढच्या खोलीपर्यंत गेली. दार ओढून घेतलेलं होतं. तिने कडीवर हात ठेवला... मी ओटीवरच होतो. तिथेच उभी राहून तिने मान वळवली. "भाऊजी, खरं हाय?"

उभ्या आयुष्यात मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. माझं सगळे नुसतं ऐकायचे. तोंडात ‘हो’ तयार होतं, कँटीनमध्ये असतो तर चार कारणांसकट दिलं असतं. मी म्हटलं, थांब वहिनी, बघतो. कोळगावच्या कचेरीत फोन लावला, बोटमालकाला लावला, दुसऱ्या गावांतल्या घरांना लावला. प्रत्येकाने दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकलं होतं. दुपार टळली. वहिनी चौकटीला टेकून बसून होती, मला घाई करत नव्हती, आणि तिच्या त्या न बोलण्याचं ओझं ताईने किती वर्षं उचललं होतं, ते मला तेव्हा अंगावर कळलं. शेवटी कुणाच्या तरी फोनवरून एक आवाज आला, बसका, चिरका. म्हणाला, "विज्यादादा, ताईला दे." मी फोन वहिनीच्या हातात दिला आणि म्हटलं, खरं आहे.

जयवंताला मी बोईसर स्टेशनवर आणायला गेलो. ताईचं त्याला घरी येईपर्यंत सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण रिक्षात बसल्या बसल्या त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं. कशावरून कळलं, ते मी विचारलं नाही.

पुढचे दिवस घरात जत्रा होती. जो येईल तो विचारायचा, बोट कुठे होती? जयवंता सांगायचा. पहिल्या दिवशी सांगितलं, इंजिन बंद पडलं होतं, वाहत गेलो. दोन दिवसांनी माइक घेऊन आलेल्यांना सांगितलं, आपल्याच पाण्यात होतो. भालूकाकांसमोर तर पलीकडची गस्त चांगली आतवर शिरली होती. माणसं खूश होऊन जात होती, आणि तो प्रत्येक वेळी जरा जास्त थकलेला दिसत होता. एका दुपारी आम्ही दोघंच होतो. वहिनीने ताईची खोली हवेसाठी उघडली होती, आम्ही तिथे पलंगावर बसलो. मी म्हटलं, "ताई तुला एक विचारणार होती."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "पहाटेचं धुकं होतं, दादा. मशीन दाखवत नव्हतं. बोट चालवणारा तांडेल म्हणे आपल्यात हाय. ते आले, ते म्हणाले आमच्यात हाय. पाण्यावर काय रेघ दिसत नाय. मला नाय माहीत. कोणालाच नाय माहीत. हे मी तिला एकटीला सांगणार होतो... लोकांना हे चालत नाय."

हे उत्तर माझ्यासाठी नव्हतं. ज्या एका माणसाला ते पुरेसं वाटलं असतं त्याच्या पलंगावर आम्ही बसलो होतो.

भिंतीवर शाळेतून आणलेला कापडी नकाशा टांगलेला होता, निवृत्तीच्या वेळी तिने मागून घेतलेला. जयवंता उठला, कुठे होतो ते मला दाखवायला म्हणून त्याने सौराष्ट्राच्या वरच्या अंगाला समुद्रावर बोट ठेवलं. बोटाखाली दोन्ही देशांचं पाणी एकदमच झाकलं गेलं. त्याने बोट उचललं, आणि तिथे निळा रंग नव्हता. बोटाएवढ्या जागेत रंग पार उडून कापडाचा धागा दिसत होता. बाकी सगळा समुद्र शाबूत. आम्ही दोघंही त्या डागाकडे बघत राहिलो. मग जयवंता बाहेर गेला.

मी मात्र बसून राहिलो. ओल आली असेल, असं म्हणून भिंतीला हात लावून पाहिला. भिंत कोरडी होती. कसर लागली असेल, तर ती तेवढ्याच जागी कशी लागेल? वहिनीला विचारलं, तू कधी हात लावायचीस का नकाशाला? ती म्हणाली, मला कुठं कळतो नकाशा, तो ताईच बघायची. मग उरलं ऊन. खिडकी पश्चिमेची, समुद्रावरचं ऊन थेट आत येतं, त्याने रंग उडू शकतो. मी पलंगावर बसून उन्हाकडे बघत राहिलो. ते खिडकीतून आत आलं, जमिनीवरून सरकलं, पलंगाच्या पायावर चढलं, भिंतीवर आलं... सूर्य टेकेपर्यंत मी जागचा हललो नाही. ऊन त्या नकाशापर्यंत पोचलं नाही.